कॅल्गरी ते कुंभकोणम्

कुंभकोणम्, २ नोव्हेंबर २०२४

हरी,

तूं दर रविवारीं अप्पांशी फोनवर बोलतोस तेव्हां मी शेजारीं बसून असतें. मला तुझ्या आवाजाची नुसती गुणगुण ऐकूं येते. कानांतलें नवें यंत्र घातलें तरी शब्द सुटे होत नाहींत. म्हणून हें पत्र. शाळेंत पोरींस तीस वर्षें हिंदी शिकवली, त्यामुळें देवनागरी टंकायला मला कुणाची मदत लागत नाहीं, एवढें तरी आहे.

अप्पांचें सहस्रचंद्रदर्शन फेब्रुवारीच्या नऊ तारखेस करायचें ठरलें. इथले लोक त्यास शताभिषेकम् म्हणतात, ठाऊक आहे ना? सकाळीं घरीं होम, संध्याकाळीं गोविंदपुरम्‌च्या विठोबाच्या देवळांत भजन. सगळें चंद्रमौळी मामा बघताहेत. आईचे ते चुलतभाऊ असले तरी सख्ख्या भावाहून जास्त धांवतात. माझी सौम्याही बंगळूरहून येईल म्हणते. एप्रिलांत तिचें बाळंतपण आहे, पण फेब्रुवारींत प्रवास चालेल असें डॉक्टर म्हणाले.

राहिलास तूं. पांच वर्षें झालीं तुला बघून. अप्पा तोंडानें "ये" म्हणत नाहींत. पण दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, जो कोणी येऊन बसेल त्यास कॅल्गरींत आतां किती वाजले असतील तें सांगतात. पोस्टमनलाही सांगितलें.

ये. मला एवढेंच लिहायचें होतें.

अक्का

•

कॅल्गरी, ६ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र दोनदा वाचलं. यायचं मनात नाही असं समजू नकोस. पण फेब्रुवारीत जमणं अवघडच आहे गं. नवीन काम हातात आलंय आणि वरचा साहेब रजेचं नाव काढू देत नाही. अगदी वैताग आहे नुसता.

शिवाय हा प्रवास. कॅल्गरी ते चेन्नई जवळजवळ तेरा हजार किलोमीटर. सरळ विमान नाही. लंडन किंवा फ्रँकफर्टला उतरायचं, तिथं चार-सहा तास बसायचं, मग पुढचं विमान, मग चेन्नईहून गाडीने तुमच्यापर्यंत. दीड दिवस यायला, दीड दिवस जायला. त्यात फेब्रुवारीत इथं बर्फामुळे विमानं अडकून पडतात. आठवड्याची रजा मिळाली तरी तिच्यातले तीन दिवस आकाशातच जायचे.

अप्पांना तू समजावून सांग. मी फोनवर सांगितलं तर ते "बरं बरं" म्हणतील आणि गप्प बसतील. ते मला ऐकवत नाही.

सौम्याला जपायला सांग.

हरी

•

कुंभकोणम्, २० नोव्हेंबर २०२४

हरी,

सांगितलें. तुझ्या पत्रांतले आंकडे जसेच्या तसे वाचून दाखवले. मग संध्याकाळीं मामा आले तेव्हां त्यांनाच समजावूं लागले, "तेरा हजार किलोमीटर म्हणजे काय पापनाशम् आहे का, बसमध्यें बसला नि आला? पोरगा एकटा, तिथें स्वयंपाकही आपला आपण करतो." म्हणजे तुझी बाजू आतां तेच घेताहेत. तूं काळजी करूं नको.

एक गंमत. तुझी मराठी अलीकडे बदलली. "वैताग आहे नुसता" असें आपल्या घरांत कोणी म्हणत नाहीं. कॅल्गरींत कोण पुण्याचें भेटलें तुला? चांगलेंच झालें. कोणीतरी आपलें म्हणायला आहे.

तुला पत्रानें बोलायची संवय लागली तर मला बरें वाटेल. फोन अप्पांचा, पत्र माझें.

अक्का

•

कुंभकोणम्, गुरुवार, ९ जानेवारी २०२५

हरी,

घाबरूं नको. अप्पा पडले. उजवा हात आणि पाय हलत नाहींत. मेंदूंत रक्ताची गांठ झाली असें इथल्या आस्पत्रीचे डॉक्टर म्हणतात. पण शुद्धींत आहेत, बोलतात, मला ओळखतात. बोलणें थोडें जड येतें. मामा माझ्याबरोबर आहेत.

येण्यासारखें असेल तर ये. मी फोन करूं शकत नाहीं, तुझें मला ऐकूं येणार नाहीं. इथेंच मेलवर लिही.

अक्का

•

गुरुवार, ९ जानेवारी

अक्का,

आत्ताच वाचलं. निघतोय. लंडनमार्गे तिकीट मिळालंय. शनिवारी सकाळपर्यंत पोचेन. अप्पांना सांग मी निघालो.

हरी

•

कुंभकोणम्, शुक्रवार, १० जानेवारी, सकाळ

हरी,

रात्र बरी गेली. अप्पांनी चमचाभर कापी घेतली आणि पातळ झाली म्हणून नर्सला बोलले. तुला विचारतात, "कुठपर्यंत आला?" मी म्हणालें, लंडनला असेल. मग तिथें आतां किती वाजले तें मामांस विचारून घेतलें.

तूं उतरल्यावर पहिल्यानें घरीं जाऊं नको. सरळ आस्पत्रींत ये.

अक्का

•

शुक्रवार, १० जानेवारी

अक्का,

लंडन विमानतळावर आहे. पुढच्या विमानाला थोडा उशीर आहे. अप्पा बोलताहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. उद्या सकाळी नक्की.

हरी

•

कुंभकोणम्, २ फेब्रुवारी २०२५

हरी,

सुखरूप पोंचल्याचें तूं दोनच ओळींत कळवलेंस. थकला असशील. इतक्या लांब येऊन नऊ दिवस आस्पत्रींत बांकावर झोपलास आणि पुन्हां तेवढाच प्रवास.

अप्पांस घरीं आणलें. अंबुजा नांवाची एक बाई सकाळ-संध्याकाळ येते, पुसून घेते, कूस बदलते, भरवते. बोलणें कांहीं परत आलें नाहीं. डॉक्टर म्हणतात, समजतें सगळें, शब्द तेवढे निघत नाहींत. तें खरें आहे. मी भाजींत मीठ विसरलें तर भुवई वर करतात. होम आणि भजन दोन्ही रद्द केलीं.

तूं होतास तोंवर एक गोष्ट सांगायची राहिली. सांगूं कीं नको असें करत राहिलें. शुक्रवारीं दुपारीं, दुसरा झटका यायच्या थोडेंच आधीं, मी त्यांस म्हणालें, "अप्पा, हरी उद्यां सकाळीं येतो." तेव्हां म्हणाले, "त्यास कळव, धांवपळ करूं नको म्हणावें. लांबचा पल्ला आहे." तें शेवटचें. त्यानंतर तोंड वांकडें झालें आणि मग नुसते आवाज.

तुला वाईट वाटावें म्हणून लिहीत नाहीं. तुझी आठवण काढली, हें तुला ठाऊक असावें.

मामा तर सगळीकडे तुझेंच सांगत फिरतात. त्या सकाळीं तूं जाड जाकिटांत आस्पत्रीच्या दारांत उभा राहिलास, मामांनी तुझ्या बाहीला हात लावला आणि म्हणाले, "तिकडची थंडी अजून कापडांत आहे." हें त्यांनी पन्नास जणांस तरी सांगितलें असेल.

अक्का

•

कॅल्गरी, ८ फेब्रुवारी २०२५

अक्का,

मामांना सांग, माझं असं काही कुठे सांगत जाऊ नका. मी काही विशेष केलेलं नाही. खरंच सांग त्यांना.

अप्पांचे व्यायाम चालू ठेव.

हरी

•

कुंभकोणम्, १५ फेब्रुवारी २०२५

हरी,

सांगितलें. मामा म्हणाले, "बघ, कसा विनय आहे." तूं असें लिहिलेंस म्हणून त्यांस आणखीच जोर आला.

आतां ऐक. आपल्या इकडच्या मराठी कुटुंबांची दरवर्षीं मार्चांत तंजावरला एक सभा भरते, तूं लहानपणीं आला आहेस. यंदा मामांनी तिथें तुझें नांव सुचवलें. आईबापांची सेवा करणाऱ्या एका मुलाचा कीं मुलीचा शाल घालून मान करायचा, अशी नवी पद्धत काढली आहे. अर्ध्या पृथ्वीवरून एका हांकेंत धांवत आला, असें मामांनी लिहून दिलें. कमिटीनें मान्य केलें. तूं तिकडून पडद्यावर दोन शब्द बोलायचे, शाल अप्पांच्या अंगावर घालायची. मामा म्हणतात, चाकांच्या खुर्चींतून त्यांस नेऊं.

मी अप्पांस सांगितलें. डोळे भरून आले त्यांचे. पडल्यापासून पहिल्यानें मी त्यांस हंसतांना पाहिलें, अर्ध्याच तोंडानें.

तारीख नऊ मार्च. तुझ्याकडे तेव्हां शनिवारची रात्र असेल. जमेल ना?

अक्का

•

पुणे, १९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

वर पुणे लिहिलंय, ते चुकून नाही.

मी कॅल्गरीत नाही. दीड वर्षाहून जास्त झालं, मी पुण्यात आहे. कर्वेनगरमध्ये एक खोली घेऊन राहतो. तुला माझी मराठी बदललेली वाटली, ती इथल्या दुकानदारांची आणि शेजाऱ्यांची.

तेवीस सालच्या मे महिन्यात कंपनीने आमचा विभाग बंद केला. माझा परवाना त्या नोकरीशी बांधलेला होता. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही आणि निघावं लागलं. जुन्या ओळखीच्या एकाचं पुण्यात लहानसं ऑफिस आहे, तिथं नकाशे काढायचं काम मिळालं. वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, परत कुठेतरी बाहेर लागलं की मग सांगू. पत्ता बदलला एवढंच सांगू. ते लागलंच नाही. फोनचा नंबर तोच ठेवला होता. अप्पा दर रविवारी विचारायचे, "तिकडे किती वाजले रे?" आणि मी खिडकीतून समोरची सकाळ बघत घड्याळातले तास वजा करून सांगायचो. ते खूश व्हायचे. एकदा सांगायला उशीर झाला की दर आठवड्याला तो उशीर वाढत जातो. मला कारण एवढंच सांगता येतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, लग्न नाही, घर नाही, आणि ज्या एका गोष्टीबद्दल बाप तिण्णैवर बसून गावाला सांगायचा ती गोष्टही गेली, हे त्यांच्यासमोर उभं राहून बोलायला माझ्याने झालं नाही.

पण तुला लिहायला बसलोय ते याच्यासाठी नाही.

नऊ जानेवारीला तुझा मेल आला तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. मी तासाभरात विमानतळाकडे निघालो. त्या वेळी मी काही विचार केला नव्हता, शपथ सांगतो. चेन्नईला उतरलो, तिथून त्रिचीचं विमान मिळालं, उन्हं कलायच्या आत त्रिचीत होतो. बसमध्ये बसलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की कॅल्गरीहून माणूस दहा तासांत येत नाही. तुला मी विमानतळावरून घाईघाईने, खोटं बोलायच्या सवयीने, शनिवार लिहून बसलो होतो. लंडनही लिहिलं होतं. आस्पत्रीच्या दारात गुरुवारी रात्री उभा राहिलो तर मामा पहिलं काय विचारतील ते मला ऐकू यायला लागलं.

तंजावरला मी उतरलो, अक्का. त्या बसने तुमच्याकडे यायला तासभर लागला असता. मी उतरलो आणि बसस्टँडसमोरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली.

अख्खा शुक्रवार मी त्या खोलीत बसून होतो. खाली कंडक्टर ओरडत होते, "कुंभकोणम्, कुंभकोणम्." एक गाडी भरली की दुसरी लागत होती. तू लिहिलंस, अप्पांनी कॉफी घेतली, बोलताहेत, विचारताहेत कुठपर्यंत आला. मी स्वतःला सांगितलं, बरे आहेत ना, मग एका दिवसाने काय होतंय. आणि तुला लिहिलं की लंडनला आहे. दुपारी खाली जाऊन जेवून आलो. तू सांगतेस ते शेवटचं बोलले तेव्हा मी बहुतेक जेवत असेन.

शनिवारी पहाटे टॅक्सी केली. बॅगेवर कॅल्गरीचा जुना टॅग होता, तो मी काढला नव्हता. जाकीट मुद्दाम घातलं. मामांनी बाहीला हात लावला तेव्हा जी थंडी होती ती टॅक्सीच्या एसीची होती. मी मान खाली घातली, त्याला सगळे थकवा म्हणाले. तू मला पाणी दिलंस. मग मी आत गेलो आणि अप्पांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला.

नऊ रात्री त्या बाकावर झोपलो, त्याचं कौतुक करू नकोस. घरी झोपायची लाज वाटत होती म्हणून तिथं झोपलो.

ती शाल अप्पांच्या अंगावर घालू देऊ नकोस. पाया पडतो. बाकी तुला मला जे म्हणायचं असेल ते म्हण. नाही लिहिलंस तरी समजेन.

हरी

•

पुणे, २ मार्च २०२५

अक्का,

उत्तर नाही, म्हणून लिहीत नव्हतो. पण नऊ तारीख जवळ आली. त्या सभेचं काय ठरलं तेवढं कळव.

हरी

•

कुंभकोणम्, १२ मार्च २०२५

हरी,

तुझें पत्र मी अप्पांच्या व्यायामाच्या वेळीं आस्पत्रीच्या बाहेरच्या खोलींत वाचलें. वाचून झाल्यावर शेजारची बाई मला तमिळमध्यें विचारूं लागली, बरें वाटत नाहीं का म्हणून. मी म्हणालें, कान दुखतो.

सभेचें आधीं सांगतें. मी मामांस म्हणालें, अप्पांस तंजावरपर्यंत बसवत नाहीं आणि त्यांच्याशिवाय शाल घेऊं नका. मामा रुसले, पण ऐकलें. शाल दुसऱ्या कुणाच्या मुलीला गेली. खरें कारण मी मामांस सांगितलें नाहीं. तें माझें काम नाहीं.

तुला उत्तर लिहायला इतके दिवस लागले, कारण पहिलीं तीन पत्रें मी पुसलीं. पहिल्यांत नुसता राग होता. नोकरी गेली हें मला कां नाहीं सांगितलेंस? मी काय गांवाला सांगत फिरतें? पुण्यांत नकाशे काढतोस, चोरी करत नाहींस. अप्पा दोन दिवस गप्प राहिले असते आणि तिसऱ्या दिवशीं म्हणाले असते, तिकडच्यापेक्षां पुणें जवळ. त्यांस तूं ओळखलें नाहींस. तंजावरला उतरलास, तें मला अजून नीट वाचवत नाहीं. त्या ओळीशीं आलें कीं डोळे पुढें सरकवतें.

पण राग लिहून झाला कीं पुढें माझी गोष्ट येते, आणि मी पुन्हां पुसतें. आज पुसणार नाहीं.

अप्पा गुरुवारीं पडले नाहींत. मंगळवारीं सकाळीं पडले.

तुला मी दोन दिवस कळवलें नाहीं. मनांत म्हणालें, तो तेरा हजार किलोमीटरवर आहे, त्यास आतां सांगून काय, तिकीट काढील, साहेबाशीं भांडेल, नोकरी घालवील, आणि इथें येईपर्यंत हे बरे होऊन बसतील. दूर आहे तो, त्यास काळजी कशाला. अप्पा मंगळवारीं आणि बुधवारीं चांगले बोलत होते, हरी. गुरुवारपेक्षां किती तरी चांगले. बुधवारीं मामांशीं भांडले. आणि दोन्ही दिवस विचारत होते, "हरीला कळवलेंस?" मी म्हणालें, कळवलें. "काय म्हणाला?" मी म्हणालें, रजेचें बघतो म्हणाला. तुझ्या तोंडचीं वाक्यें मी रचून सांगितलीं. बुधवारीं संध्याकाळीं म्हणाले, "त्यास फोन लावून दे, मी बोलतों." मी म्हणालें, तिकडे पहाट आहे, झोपूं द्या.

तूं पुण्यांत आहेस हें ठाऊक असतें तर मंगळवारीं सकाळींच मामांकरवीं फोन केला असता. त्याच संध्याकाळीं तूं इथें असतास. हें मी रोज मनांत करून बघतें. आणि तूं कुठेंही असतास तरी बुधवारीं तो फोन लावायला माझें काय जात होतें, हेंही करून बघतें.

शनिवारीं तूं दारांत उभा राहिलास तेव्हां तूं मान खालीं घातलीस असें लिहिलेंस. मला तें दिसलें नाहीं, कारण मीही खालींच बघत होतें. मला वाटत होतें, इतक्या लांबून हा आला, आणि याच्या वाटणीचे दोन दिवस मी खाऊन टाकले. सगळे तुझें कौतुक करत होते तें मला बरें वाटत होतें. तेवढीच भरपाई, म्हणून मामांस मी थांबवलें नाहीं.

वाटलें होतें, तुझें वाचून माझी लाज थोडी कमी होईल. झाली नाहीं. तुझी वेगळी आणि माझी वेगळी.

आतां पुढचें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत मला सौम्याकडे जायला हवें. अप्पांस परक्यावर टाकून जाणार नाहीं. तूं ये. नकाशे इथेंही काढतां येतील, जागा आहे, टेबल आहे. आणि आल्यावर अप्पांस तूं स्वतः सांग. मी सांगणार नाहीं आणि तूं सांगितल्याशिवाय राहूंही नको. ते सगळें समजतात. समजणाऱ्या माणसाशीं आपण दोघें फार खोटें बोललों.

माझें मी त्यांस काल सांगितलें. त्यांनी डोळे मिटून घेतले. अजून माझ्याकडे नीट बघत नाहींत.

अक्का

•

कुंभकोणम्, २४ एप्रिल २०२५

अक्का,

तुला नात झाल्याचं अप्पांना लगेच सांगितलं. सौम्याने पाठवलेला फोटो दाखवला. फोन डाव्या हातात धरून बराच वेळ बघत होते. तुझ्यावरचा राग बहुतेक त्या फोटोने गेला. माझं वेगळं आहे. तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलो आणि नोकरी गेल्यापासून सुरू केलं. पुण्याचं ऐकताना ते माझ्याकडे बघत होते, राग दिसला नाही. तू म्हणतेस तसंच झालं असतं, ते मला तेव्हा कळलं. मग तंजावरचं सांगितलं. लॉजचं, जेवायला गेलो होतो त्याचं, सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने पांघरूण ओढून तोंडावर घेतलं.

त्यानंतर दोन आठवडे त्यांनी माझ्या हातून काही घेतलं नाही. अंबुजा भरवायची तर जेवायचे. मी चमचा धरला की ओठ घट्ट. मी खोलीत आलो की भिंतीकडे मान. मी दाराबाहेर टेबल लावून काम करत बसायचो. अंबुजाने एकदा विचारलं, "तुमचं आणि त्यांचं काय झालं?" मी म्हणालो, माझं चुकलं.

मामांनाही सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, मामी समोर होत्या. मामा म्हणाले, "मी पन्नास लोकांना काय तोंड दाखवू?" मी म्हणालो, त्या लोकांची नावं द्या, मी जाऊन सांगतो. ते म्हणाले, "आता तू काही करू नकोस." तेव्हापासून आपल्याकडे आलेले नाहीत. त्यांचा राग मला समजतो.

सोमवारी अंबुजा आली नाही. तिच्या मुलाला ताप होता. आणि सकाळीच अप्पांचं अंथरूण खराब झालं. मी पाणी तापवून, टॉवेल घेऊन आत गेलो. त्यांनी डाव्या हाताने मला ढकललं. जोर आहे अजून. मी म्हणालो, "अप्पा, दुसरं कोणी नाही." ते आवाज करत राहिले, मी थांबलो, पुन्हा गेलो. शेवटी त्यांनी हात खाली ठेवला आणि डोळे मिटले, आणि मी त्यांच्या कमरेची वेष्टी सोडली.

अक्का, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तू आणि अंबुजा रोज पाहता, तुम्हाला सवय आहे. ते रडत होते. त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती, आपल्या मुलाने हे करावं याची. आणि मी तिथं ओला टॉवेल घेऊन उभा, ज्याला लाज वाटायला हवी तो. एवढ्या महिन्यांत मी स्वतःच्या लाजेबद्दलच विचार करत होतो. कोण काय म्हणेल, कसा दिसेन. त्यांची मी पहिल्यांदा पाहिली. मी शक्य तितक्या लवकर पुसून काढलं, कोरडी वेष्टी नेसवली, चादर बदलली. कूस बदलायला मला नीट येत नाही, त्यांना दुखलं असणार.

आवरून बादली घेऊन निघालो तर त्यांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला. मला वाटलं काही राहिलं. परत आपटला. मग कळलं, बस म्हणताहेत. मी बादली खाली ठेवली आणि बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात गणपतीच्या देवळातले वयस्क पुजारी, गुरुक्कळ, आले, त्यांना बऱ्याच दिवसांनी अप्पांची आठवण झाली. दारातूनच अप्पांना तमिळमध्ये म्हणाले, "हाच ना तो कॅनडाहून उडत आलेला? सुंदरराव, तुमचं भाग्य मोठं." अप्पा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही स्वामी. मी पुण्याहून आलो होतो. आणि वेळेवर आलो नाही. तंजावरपर्यंत येऊन एक दिवस थांबलो, खोटं उघडं पडू नये म्हणून. मी आलो तेव्हा अप्पांचं बोलणं गेलं होतं." अप्पांसमोर, बाहेरच्या माणसाला, हे मी पहिल्यांदाच सांगितलं. गुरुक्कळांनी अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, माझ्याही लावली आणि गेले.

हे चालू असताना अप्पांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. उलट जोराने धरलं, इतकं की नखं रुतली. राग होता, की आणखी काही होतं, मला सांगता येत नाही, आणि त्यांना सांगता येणार नाही. दुखत होतं. मी हात सोडवून घेतला नाही.

हरी